कालव्याच्या भरावावरून

नांदेड-लातूरकडे सायकल चालवायला निवांत रस्ता कुठे मिळेल, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला जवळचा कालवा कोणता ते विचारतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे महामार्ग रुंद झाले, चौपदरी झाले, सिमेंटचे झाले. त्यांच्यावरून सायकल नेणाऱ्याला मात्र उसाच्या ट्रॅक्टरची दुहेरी ट्रॉली, मागून भोंगा वाजवत येणारी खासगी बस आणि उलट्या बाजूने घुसणारी दुचाकी यांच्यामधून जीव मुठीत धरून जावं लागतं. त्याच महामार्गापासून थोडं आत, शेतांच्या मधून, मुरमाचा एक लांबलचक रस्ता जात असतो. त्याच्यावर बस नाही, ट्रक नाही आणि चढही नाही. गावच्या नकाशात तो रस्ता म्हणून बहुधा दाखवलेलाच नसतो, कारण रहदारीसाठी तो कुणी बांधलाच नव्हता. कालवा फुटला, गाळ साचला, दार अडकलं तर खात्याची जीप आणि माणसं तिथवर पोचावीत, म्हणून कालव्याच्या एका काठाचा भराव रुंद ठेवतात. कागदोपत्री त्याला सेवापथ किंवा निरीक्षण पथ म्हणतात. गावात तो ‘कॅनॉलचा रस्ता’ असतो.

नांदेड जिल्ह्यात असे रस्ते निरनिराळ्या दिशांनी येतात. येलदरीच्या धरणात अडवलेलं पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येतं आणि तिथून कालव्याने वसमतच्या रानातून नांदेडकडे निघतं. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा उजवा कालवा कळमनुरीकडून अर्धापूर-भोकरच्या बाजूला जातो, डावा उमरखेड-हदगावच्या बाजूला. दक्षिणेला कंधार तालुक्यात बारूळला मन्याड नदीवरचं धरण आहे, त्याचं पाणी नायगाव-बिलोलीकडे उतरतं. नांदेड शहराला लागून विष्णुपुरीचा अठरा दरवाजांचा बंधारा आहे. तिथे गोदावरीचं पाणी पंपांनी उचलून लोहा-कंधारच्या उंच रानाकडे नेलं आहे. लातूरची भिस्त मांजरेवर. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे आणि त्याचे डावे-उजवे कालवे केज, अंबाजोगाई, कळंब, लातूर, रेणापूर अशा तालुक्यांना पाणी पोचवतात.

या सगळ्या जाळ्यामागे नांदेडच्या शंकरराव चव्हाणांचा मोठा वाटा आहे, म्हणून विष्णुपुरीच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. मराठवाड्यातला सर्वांत मोठा प्रकल्प जायकवाडी. त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. ते पैठणला हललं, नाव मात्र जुनंच राहिलं. त्याचा डावा कालवा पैठणपासून परभणी जिल्ह्यापर्यंत २०८ किलोमीटर जातो. पैठणला सायकलवर बसून मुरमाच्या रस्त्याने परभणीकडे निघता येईल, ही कल्पना मनात आली की माझी झोप उडते.

आता हा रस्ता सपाट का असतो ते पाहू. कालव्यातलं पाणी आपल्या वजनाने वाहतं, त्याला ढकलायला पंप नसतो. उतार जास्त दिला तर पाणी वेग घेतं आणि काठ खरवडत सुटतं. शिवाय धरणापाशी मिळालेली उंची लवकर खर्च होते आणि लांबची शेतं कालव्याच्या वर राहून कोरडी पडतात. म्हणून मुख्य कालव्याला जेमतेम वाहण्यापुरता उतार देतात. पाच हजारास एक, असा उतार धरला तर किलोमीटरला वीस सेंटिमीटर होतो. पन्नास किलोमीटर सायकल मारा, पाणी फक्त दहा मीटर खाली उतरलेलं असतं. पायांना ते कळतसुद्धा नाही. जिथे जमीनच एकदम खाली जाते तिथे प्रपात बांधून पाण्याला पायरी देतात, तेवढ्यापुरता सायकलला घसरता उतार मिळतो.

हा सपाटपणा टिकवायचा तर कालव्याला जमिनीची समपातळी धरून चालावं लागतं. मध्ये टेकाड आलं की वळसा, ओढ्याचं खोरं आलं की आत शिरून पुन्हा बाहेर. त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाचं देऊळ कधी उजव्या हाताला येतं, कधी डाव्या, आणि गाव काही लवकर येत नाही. गावापर्यंतची गाडीवाट चार किलोमीटरची असेल तर कालव्याने सात होतात. घाईच्या माणसाने या रस्त्याला लागू नये.

पण या वळणांमुळेच जे दिसतं ते दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावरून दिसत नाही. कालव्याचं पाणी चढत नाही. ज्या शेताची पातळी कालव्याच्या खाली, त्याला पाणी. जे वर, ते पावसाच्या भरवशावर. सेवापथ बहुधा उताराकडच्या भरावावर असतो, म्हणजे सायकलवाला नेमका या दोन जगांच्या सीमेवरून जात असतो. एका हाताला खाली ऊस, केळी, हळद, गहू. पाण्यापलीकडे, दुसऱ्या हाताला, तूर, करडई, टाळकी ज्वारी किंवा नुसतं पडीक रान. एकच माती, एकच पाऊस, कधी कधी सातबाऱ्यावर एकच आडनाव. फरक दोन-चार हात उंचीचा. खालच्या बाजूला स्लॅबची घरं वाढत जातात, वरच्या बाजूच्या वस्तीतून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघून जातात. सिंचनावरची पुस्तकं लाभक्षेत्राचे आकडे देतात. त्या आकड्यांचा अर्थ मला कालव्याच्या भरावावरून जाताना कळला. ‘लाभक्षेत्राबाहेर’ हा शब्द डोळ्यांनी पाहायचा असेल तर वाहनातून पाहून चालत नाही. सायकलचा वेग त्याला बरोबर पुरतो.

वरच्या बाजूची माणसं अर्थात हातावर हात ठेवून बसलेली नसतात. कालव्यात सोडलेले पाइप, काठावरचे मोटारींचे खोके, बाभळीवरून नेलेल्या वायरी हे सगळं सेवापथावर ठायी ठायी दिसतं. काही परवानगीने, काही तशीच. पाइप रस्ता आडवा ओलांडतात तिथे मातीचा उंचवटा केलेला असतो. सायकलचा वेग तिथे आधीच कमी करावा.

या रस्त्यावर मुरूम का, यामागे एक तांत्रिक कथा आहे. मराठवाड्याची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला, हरभऱ्याला हा गुण फळतो, कारण ओल धरून राहते. बांधकामाला तोच मारक. कालव्याच्या तळाला आणि बाजूंना काँक्रीटचं अस्तर लावलं की खालची माती फुगून ते उचलते आणि फोडते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या या फुगण्यावर अनेक वर्षं काम केलं. १९७०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की अस्तर आणि काळी माती यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर घातला, तर खालच्या मातीचं फुगणं आवाक्यात राहतं. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडे अशा थराला सहज मिळणारी वस्तू म्हणजे मुरूम, काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेला लालसर-पिवळा चुरा. भरावाच्या माथ्यावरही तोच पसरतात, म्हणजे जीप रुतत नाही.

सायकलवाल्यासाठी या मुरमाचं मोल मोठं आहे. चांगला दाबलेला मुरूम चाकाखाली किंचित करकरतो, पण धरून ठेवतो. त्याच्याखालची काळी माती उघडी पडली असेल आणि पाऊस झाला असेल, तर खेळ संपला. काळा चिखल चाकाला लागतो, मग चिमट्यात, मग ब्रेकमध्ये, मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस उन्हाचे जाऊ द्यावेत, हा या रस्त्याचा पहिला नियम. मी तरी तो दसऱ्यापासून होळीपर्यंतचा रस्ता मानतो.

जगात अशा कच्च्या रस्त्यांसाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची वेगळी सायकल आली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून शेतातल्या खडीच्या रस्त्यांवर तीनशे किलोमीटरच्या वर अंतराची शर्यत होते. २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो भागात या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या सायकलचा मुख्य गुण म्हणजे टायर. शर्यतीच्या सायकलचा टायर पूर्वी तेवीस मिलिमीटर रुंद असायचा, ग्रॅव्हलचा अडतीस ते पंचेचाळीस. टायर रुंद असला की हवा कमी दाबाने भरता येते. मग खडा आला तर टायर दबतो आणि सायकल त्याच्यावरून वाहत जाते. कडक टायर मात्र प्रत्येक खड्यावर सायकलीसह माणसाला उचलून आपटतो आणि पुढे जाण्याची ताकद त्या आपटण्यात वाया जाते. खडबडीत रस्त्यावर रुंद आणि थोडा मऊ टायर वेगवान ठरतो, तो यामुळे.

आता आपल्या जुन्या काळ्या सायकलकडे पाहा. दूधवाल्याची, गुरुजींची, मागे कॅरिअर आणि मध्ये आडवा दांडा असलेली. तिच्या टायरवर अठ्ठावीस बाय दीड असा आकडा असतो. दीड इंच म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर. आजच्या महागड्या ग्रॅव्हल बाइकच्या टायरची रुंदी हीच! कच्च्या रस्त्याला काय लागतं ते त्या सायकलच्या कारागिरांना ठाऊक होतं, कारण तेव्हा सगळेच रस्ते कच्चे होते. तिला गिअर नाहीत, पण कालव्याला चढ नाहीत. ती जड आहे, पण सपाटीवर एकदा गती घेतली की वजन फारसं आड येत नाही. कुणी विचारलं की या रस्त्यासाठी कोणती सायकल घेऊ, तर घरात पडून असलेली काळी सायकल आधी दुरुस्त करा, असं मी मनापासून सांगतो. टायरला अगदी दगडासारखी हवा भरू नका, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबेल इतकी ठेवा.

टायरचे खरे वैरी दोन. एक सराटा. जमिनीवर पसरणारा हा वेल पिवळ्या फुलांनी साधाभोळा दिसतो. त्याचं फळ सुकलं की फुटून तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. दिवाळीनंतर भरावाच्या कडेला सराटे वाळलेले असतात, म्हणून चाकोरी सोडून गवतात सायकल घालू नये. दुसरी वेडी बाभूळ. तिचा काटा ट्यूब पार करून जातो. कुंपणासाठी काट्या तोडून बैलगाडीने नेल्या असतील त्या दिवशी तर सगळा रस्ताच पेरलेला असतो. ट्यूबमध्ये घालायचं चिकट द्रव आता बाजारात मिळतं, सराट्याची भोकं ते आपोआप बुजवतं. बाभळीच्या काट्यापुढे मात्र जादा ट्यूब, पंप आणि ठिगळाचं सामान जवळ हवं. पंक्चरवाला गावात असतो आणि कालवा गावाबाहेरून जातो.

पाणी केव्हा वाहतं ते माहीत असलं की या रस्त्याची गोडी वाढते. पाटबंधाऱ्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर, पुढे ३० जूनपर्यंत उन्हाळी. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, धरणातलं पाणी मोजलं जातं आणि किती आवर्तनं द्यायची ते ठरतं. आवर्तन म्हणजे कालवा काही दिवस वाहतो, मग बंद होतो. पाणी मुख्य कालव्यातून शाखेत, शाखेतून वितरिकेत, तिथून चारीत आणि शेवटी शेताच्या पाटात जातं. कोरड्या कालव्यात पाण्याचं तोंड पुढे सरकताना पाहणं हा एक सोहळा असतो. काडीकचरा, वाळकी पानं, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची एक पट्टी पुढे, तिच्यामागे गढूळ पाणी, आणि बाहेर पडलेले किडे टिपायला धावणारे बगळे. हे तोंड चालत्या माणसाहूनही हळू जातं, कारण कोरडा तळ वाटेत पाणी पीत असतो. शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्याला ‘टेल’चा म्हणतात, तो दिवस मोजत बसलेला असतो. त्या दिवसांत सायकलवरून गेलात तर रस्त्यात चार जण हटकून विचारतील, पाणी कुठवर आलं? तुम्ही नुकतेच तिथून आलेले असता. त्या दिवशी तुमच्याजवळ सगळ्या शिवाराला हवी असलेली बातमी असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धापूर-वसमतच्या पट्ट्यात हळद निघते. कालव्याखालच्या शेतांत ती उकडतात. वाफेचा उग्र, मातकट वास भरावावर येतो आणि खळ्यात पिवळे ढीग वाळत पडलेले दिसतात. अर्धापूरची केळी त्याच पाण्यावरची. कालव्याच्या काठाने बेशरमची गुलाबी-जांभळी फुलं, पाणकणसांची बेटं, तारेवर खंड्या आणि वेडे राघू. टिटवी अंडी घातलेल्या जागेपाशी डोक्यावरून ओरडत फिरते, तिथून लवकर पुढे व्हावं.

नदीकाठाचा मामला वेगळा. गोदावरीच्या काठाने सलग सायकल चालवता येईल असं नकाशा पाहून वाटतं, प्रत्यक्षात दर दोन-तीन किलोमीटरवर एखादा नाला खोल घळ करून नदीला मिळतो आणि वाट संपते. काठ काळ्या मातीचे, पुरात ढासळणारे. शिवाय जिथे वाळूचा घाट आहे तिथे टिप्परनी रस्त्याची पिठी केलेली असते. म्हणून नदी तुकड्यातुकड्यानेच पाहावी. विष्णुपुरीला काळेश्वराच्या देवळापाशी जलाशयाचं विस्तीर्ण पाणी दिसतं. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा चौदा दरवाजांचा बंधारा आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात त्यावरून मोठा वाद झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे बाभळीला गोदावरी भरलेली दिसेल की वाहती, हे न्यायालयाच्या तारखेवर ठरतं. सायकलने जायचं तर नोव्हेंबर उत्तम.

मांजरा तर या दोन जिल्ह्यांना विचित्र रीतीने जोडते. बालाघाटात उगम पावून ती लातूर जिल्ह्यातून जाते, कर्नाटकात बिदरकडे वळते, तेलंगणात शिरते, तिथे निजामाच्या काळात १९३१ मध्ये पूर्ण झालेलं निजामसागर भरते आणि उत्तरेला वळून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून गोदावरीला मिळते. लातूर जिल्ह्यात तिच्यावर साई, नागझरी, वांजरखेडा असे बंधारे ओळीने आहेत. बंधारा ते बंधारा जाणाऱ्या शेतवाटा सायकलला फार छान, मात्र मांजरेत पाणी असेल त्या वर्षी.

नसेल त्या वर्षाची आठवण लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्या सुमारास लोकवर्गणीतून मांजरेचं पात्र खोल करण्याचं कामही झालं. अशा वर्षी कालव्याच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळतात, शेळ्या अस्तराच्या सांध्यात उगवलेलं गवत खातात. त्या वर्षीही सेवापथ मात्र असतो, आणि तलाठ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे त्याच्यावरून जात असतात. पाण्याखेरीज त्या बांधकामाचा एवढाच एक उपयोग शिल्लक राहतो. तो कुणी मोजत नाही.

युरोपात कालव्याकाठच्या वाटा सायकलवाल्यांनी कधीच आपल्या केल्या. तिथले कालवे वाहतुकीचे होते. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा, त्याची ती वाट. फ्रान्समधला दोनशे चाळीस किलोमीटरचा कनाल दु मिदी १६८१ मधला. रेल्वे आली, घोडे गेले, वाटा उरल्या. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून निघणाऱ्या चेसापीक अँड ओहायो कालव्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी १९५४ च्या मार्चमध्ये त्या रस्त्याला पाठिंबा देणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर हा सगळा काठ चालून दाखवा आणि मग लिहा. सुमारे तीनशे किलोमीटर, आठ दिवस. संपादकांचं मत पालटलं, मोटाररस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्या काठाने लोक सायकलवर दिवसच्या दिवस प्रवास करतात. आपल्या देशातही उदाहरण आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या काठाची पटरी श्रावणात कावड घेऊन निघालेल्यांची वाट होते आणि सरकारच तिची व्यवस्था ठेवतं. काठाचा रस्ता लोकांना खुला केल्याने सिंचन बुडत नाही, हे यावरून दिसतं.

आपल्याकडे या रस्त्याचा सर्वांत मोठा हक्क शाळकरी मुलींचा आहे, असं मला वाटतं. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण चालवायची कुठे? मोठ्या रस्त्यावरून पाठवायला आई धजत नाही. कालव्याचा रस्ता ज्या गावांना जवळ आहे तिथे सकाळी मुलींचे घोळके भरावावरून जाताना दिसतात. दोघी-तिघी शेजारी शेजारी, गप्पा मारत, दप्तर पुढच्या टोपलीत. महामार्गावर शेजारी शेजारी सायकल चालवणं म्हणजे मरणाला बोलावणं. इथे मागून भोंगा वाजत नाही, म्हणून बोलणं चालू राहतं.

धोके आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा धोका पाण्याचाच. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि गुळगुळीत असतात, त्यावर शेवाळ धरतं. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. वाहत्या कालव्यात हातपाय धुवायला उतरायचं असेल तर पायऱ्या असतील तिथेच. जलसेतूपाशी, म्हणजे कालवा ओढ्यावरून पुलासारखा जातो तिथे, सेवापथ अनेकदा तुटतो. सेतूच्या अरुंद कठड्यावरून सायकल हातात घेऊन जाणारी पोरं मी पाहिली आहेत, ते करू नये. खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढावं. संध्याकाळी तापलेल्या मुरमावर घोणस येऊन पडते, म्हणून दिवेलागणीच्या आत रस्ता सोडावा. गळीत हंगामात ऊस भरलेल्या गाड्या याच भरावाने येतात, तेव्हा आपण खाली उतरून उभं राहायचं, बैलांना नाही थांबवायचं.

भरावालाही धोके आहेत. मातीचा बांध उंदीर-घुशींच्या बिळांनी, झाडांच्या मुळांनी आणि जड वाहनांनी कमकुवत होतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि वस्तीत पाणी शिरलं. फुटण्याआधी पाझर बहुधा दिसतो, ओली जागा, बाजूच्या शेतात अवेळी साचलेलं पाणी. तो पाहायला कुणीतरी रोज तिथून जायला हवं. पूर्वी पाटकरी आणि कालवा चौकीदार सायकलवरूनच आपला टप्पा फिरायचे. आता ती माणसं फार कमी झाली. सायकलवरून रोज जाणाऱ्या लोकांचे डोळे ही उणीव थोडीफार भरून काढतील. कालव्याला किलोमीटरचे दगड असतातच, बेचाळीसच्या दगडाजवळ पाझर आहे एवढं कळवता आलं तरी काम होतं.

मला काळजी आहे ती हे रस्ते हळूहळू नाहीसे होण्याची. शेताला शेत लागून बांध कोरत आणला तसा काही ठिकाणी भरावही कोरला जातो आहे. वितरिका आणि चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंद नळ टाकायचं धोरण राज्याने स्वीकारलं आहे. पाण्याच्या बचतीसाठी ते योग्यच आहे, पण चारी गेली की तिच्या काठची वाट नांगराखाली जाते. नळ टाकताना वर वाटेपुरती पट्टी राखली तर दोन्ही साधेल. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तिच्या जोडीला ही पट्टी सहज बसेल.

कालव्याची जमीन सरकारची आहे. आपल्या भागात तिचा कारभार १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना चाऱ्या-वितरिका सांभाळायचा अधिकार दिला आहे. महामंडळ, पाणीवापर संस्था आणि ग्रामपंचायत यांनी मिळून ठरवलं तर खर्च फार नाही. गावापाशी दोन दगडी खांब असे रोवायचे की सायकल आणि बैलगाडी जाईल, टिप्पर जाणार नाही. खात्याच्या जीपसाठी कुलपाचा दांडा. जलसेतूपाशी ओढ्यात उतरायला आणि चढायला दगडी फरसाचा छोटा उतार. जिथे माणसांची ये-जा आहे तिथे दर काही अंतरावर अस्तरात पायऱ्या आणि आडवा साखळदंड, पडलेल्याला धरायला. सुरुवात माध्यमिक शाळेचं गाव कालव्यावर आहे तिथून, शाळेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर करावी. पायऱ्या आणि साखळदंड बसवायला कालवा कोरडा लागतो, आणि दोन आवर्तनांच्या मध्ये तेवढा खंड मिळतो.